भोंगे बंद, फोन चालू

18 नोव्हेंबर 2024, संध्याकाळ. विधानसभेचा प्रचार थांबला, भोंगे लावलेल्या रिक्षा घरी गेल्या, सभांचे मांडव उतरायला लागले. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 126 आहे ना, मतदान संपायच्या आधीचे 48 तास प्रचार बंद, मतदाराला जरा शांतपणे विचार करू द्या म्हणून.

फोन मात्र चालूच राहतो.

19 तारखेच्या रात्री काही ऑडिओ क्लिप फिरायला लागल्या, बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरला म्हणे, आणि आवाज सुप्रिया सुळे आणि नाना पटोलेंचा असल्याचा दावा. भाजपने त्या उघडपणे शेअर केल्या, सुळेंनी आवाज माझा नाहीच म्हणत निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली, फॅक्ट चेकवाल्यांनी तपासलं तर त्यातल्या काही क्लिप एआयने बनवलेल्या असण्याची दाट शक्यता निघाली. पण तोवर 20 तारीख उजाडलेली, सातला मतदान सुरू.

आता हा स्क्रीन बघा. भाऊबंदांचा ग्रुप. मेसेजवर दोन बाण, म्हणजे तो आधीच हातोहात बराच फिरून आलाय, कुणी बनवला काही पत्ता नाही. पण पाठवलाय कुणी, तर आपल्या मामाने! आणि मामा कशाला खोटं बोलेल? खरी मेख इथेच आहे, नेत्याच्या भाषणावर आपण शंका घेतो, घरच्या माणसाच्या फॉरवर्डवर घेत नाही, आणि हे सगळ्याच पक्षांच्या आयटी सेलना पक्कं माहितीये.

अफवेने काय होतं हे आपल्याला नवीन नाही. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डला 5 चॅटची मर्यादा आणली.

पक्षाची जाहिरात सोशल मीडियावर टाकायची तर आधी आयोगाच्या समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. मामाच्या फॉरवर्डला कसली समिती? मेसेज एन्क्रिप्टेड, बाहेरच्या कुणाला दिसतच नाही, आणि लोकांचे खासगी मेसेज सरकारने वाचावेत असंही आम्हाला अजिबात वाटत नाही. पण शेवटच्या दोन रात्री आयोगाने प्रत्येक जिल्ह्यात मराठीत, तासाभरात, हे खरं हे खोटं असं सांगणारा एक नंबर तरी चालवावा, आणि तो नंबर मतदार चिठ्ठीवरच मोठ्या अक्षरात छापावा.