घसरलेला ई

[पडद्यावर : पांढरा कागद, तीन काळी अक्षरं]

नीट बघा. टी, ई, एक्स. तिन्ही पहिल्या लिपीतली, म्हणजे कॅपिटल. उंचीही सारखीच. पण मधला ई ओळ सोडून खाली उतरलाय आणि शेजारची दोघं त्याला खेटून उभी आहेत. मुद्रितशोधकानं बघितलं असतं, तर लाल शाईनं गोल केला असता. इथे मात्र हे मुद्दाम केलंय.

१९७७ साली स्टॅनफर्डचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्या हातात त्यांच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पडली. जुनी आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर जुळवलेली, नवी फोटोटाइपसेटिंगवर, म्हणजे प्रकाशानं फिल्मवर अक्षरं उमटवून. अक्षरं त्यांना इतकी खटकली, की पुस्तक बाजूला ठेवून ते अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर लिहायला बसले. त्याचंच हे नाव. अक्षरं ग्रीक आहेत : टाऊ, एप्सिलॉन, खी (χ). म्हणून 'टेक्स' म्हणू नका. शेवटी घसा खरवडायचा, उर्दूतल्या 'ख़बर'सारखा.

[पडद्यावर : ई हळूहळू खाली सरकतो]

ई का उतरवला? एक, हे काम अक्षरजुळणीचं आहे याची आठवण राहावी. दुसरं कारण अगदी व्यवहारी : याच तीन कॅपिटल अक्षरांचं नाव हनीवेल कंपनीच्या एका प्रणालीला होतं.

या बोधचिन्हाला चित्राची फाइल लागत नाही. एका ओळीची आज्ञा पुरते. टी काढा, एक षष्ठांश एम मागे या, ई स्मॉल एक्सच्या निम्म्या उंचीइतका खाली सोडा, एक अष्टमांश एम मागे या, एक्स काढा. एम म्हणजे साधारण कॅपिटल एमएवढी रुंदी. ती आणि स्मॉल एक्सची उंची, दोन्ही मापं चालू फाँटवरून ठरतात. दहा पॉइंटच्या मजकुरात ई साधारण पाऊण मिलिमीटर उतरतो. म्हणजे या नावाला स्वतःचा टाइपफेस नाहीच. ज्या मजकुरात जाईल, त्याचीच अक्षरं ते अंगावर घेतं.

पण नुसता मजकूर दाखवणाऱ्या साध्या टर्मिनलवर अक्षर खाली सरकवायचं कसं? त्यावर कनूथ यांचा नियम : टी आणि एक्स कॅपिटल, ई स्मॉल. उतरता येत नसेल, तर निदान लहान तरी हो. (हे निवेदन देवनागरीत लिहिताना तीही सोय उरली नाही.)

मेटाफाँट हे याचंच भावंड, फाँट घडवणारं. त्याच्या नावासाठी मात्र कनूथ यांनी नेमकं उलट केलं : एक वेगळा फाँटच घडवला, तोही मेटाफाँटमध्येच. नावात अक्षरं आठ, टी दोनदा. म्हणून आकार फक्त सात काढले. पुढे जॉन हॉबी यांनी मेटाफाँटच्याच धर्तीवर, पण चित्रं काढणारं मेटापोस्ट लिहिलं आणि त्याचं नाव याच फाँटमध्ये लिहिताना पंचाईत झाली. पी नाही, एस नाही. ती दोन नंतर जोडली गेली.

[पडद्यावर : नऊ अक्षरं एका ओळीत]

या फाँटमध्ये कनूथ हे आडनाव लिहायला गेलात, तर एन आणि टी एवढीच हाती लागतात.