उठून बघायचा कंटाळा

बसा बसा, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या ना, पुढच्या दोन रांगा नेहमी रिकाम्याच राहतात, ऑनलाइन मीटिंगला सगळे कॅमेरा बंद करून बसतात त्यातलाच प्रकार. तर मला विषय दिलाय "ऑनलाइन जगणं" आणि बजावलंय की हलकंफुलकं ठेवा, मोबाइलने पिढी बिघडवली वगैरे नको. अहो मी कुठल्या तोंडाने बोलणार, सकाळी माझे डोळे उघडायच्या आधी हात चार्जरकडे गेलेला असतो.

मला एक गोष्ट सांगायचीय, कॉफीच्या भांड्याची. १९९१ साल, केंब्रिज विद्यापीठाची कॉम्प्युटर लॅब. तिथे एका ग्रुपमध्ये कॉफीचं मशीन एकच, ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर ठेवलेलं, आणि काही मंडळी बसायची दुसऱ्याच मजल्यांवर. म्हणजे काम सोडून उठायचं, जिने तुडवत जायचं आणि बघायचं तर भांडं खडखडीत! आता आपण काय केलं असतं, चिडचिड केली असती, कोणी संपवली म्हणून चौकशी लावली असती. ते पडले कॉम्प्युटरवाले. त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचं काळंपांढरं, टपाल तिकिटाएवढं चित्र सगळ्यांच्या स्क्रीनवर आणून सोडलं. १२८ बाय १२८ पिक्सेल फक्त. भांडं भरलेलं आहे की रिकामं एवढं कळलं की झालं.

जगातला पहिला वेबकॅम म्हणून हाच ओळखला जातो. अंतराळ बघायला नाही, हिमालय बघायला नाही, उठायचा कंटाळा म्हणून.

पण खरी गंमत पुढे आहे. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर गेलं आणि जगभरातली माणसं ते भांडं बघायला लागली, ज्यांना त्यातला एक घोटसुद्धा कधी मिळणार नव्हता! २००१ मध्ये लॅब नव्या इमारतीत जायची वेळ आली आणि कॅमेरा बंद झाला, तर त्याची बातमी झाली, आणि ते बिघडकं मशीन ईबेवर लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. मला विचाराल तर आपलं ऑनलाइन जगणं म्हणजे हेच हो, हेलपाटा वाचावा म्हणून कॅमेरा लावला आणि आता दिवसभर दुसऱ्याच्या भांड्यात किती उरलंय ते बघत बसलोय.

व्हॉट्सॅपच्या निळ्या टिका घ्या. २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या. त्याआधी एक फार सुंदर गोष्ट आपल्याकडे होती, "अगं मी बघितलाच नाही मेसेज". किती नाती टिकली असतील त्या एका वाक्यावर! टिका निळ्या झाल्या आणि ते वाक्य गेलं. मग आरडाओरडा झाला, तेव्हा त्या बंद करायची सोय आली, पण अट काय, तुम्ही आपल्या टिका लपवल्या तर दुसऱ्याच्याही तुम्हाला दिसणार नाहीत. फिटंफाट! मी बंद केल्या आणि चार दिवसांत परत चालू केल्या, कारण माझ्या दिसल्या तरी चालतील पण दुसऱ्याने वाचलाय की नाही हे न कळता झोप कशी लागणार. आणि ग्रुपमध्ये तर ही लपवाछपवी चालतच नाही, तिथे नावानिशी यादी मिळते कोणी कधी वाचला त्याची. आमच्या घरच्या ग्रुपवर मी विचारलेलं, रविवारी आईकडे कोण थांबतंय? अकरा जणांनी वाचलं. एकाने अंगठा दिला. आता अंगठा म्हणजे मी थांबतो, की प्रश्न छान आहे?

तो अंगठा माझ्या दादाचा. दादा शेजारच्याच खोलीत होता, मधे एक भिंत फक्त. मी उठून विचारायला हवं होतं ना? मी त्याला वेगळा मेसेज टाकला, "दादा, अंगठा म्हणजे काय रे". टिका निळ्या. वर "टायपिंग…" आलं. मी बघतेय. टायपिंग गेलं. परत आलं. माणूस एवढा वेळ लिहितोय म्हणजे नक्की काहीतरी मनात साठलंय, मी गेल्या वर्षभरातली सगळी भांडणं डोक्यात उजळणी करून ठेवली, उत्तरंपण तयार केली, आणि तीन मिनिटांनी आलं काय तर "हो". आणि लगेच दुसरा मेसेज आला आणि मी वाचायच्या आत त्याने उडवला! म्हणजे काहीतरी होतं हे कळलं, काय होतं ते नाही. ही सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय २०१७ ची, तेव्हा सातच मिनिटं मिळायची, आता दोन दिवसांच्या वर मिळतात. पण मागे पाटी राहतेच, मेसेज डिलीट केला म्हणून. खोडलेल्या मेसेजइतका लक्ष देऊन वाचलेला मेसेज दुसरा नसेल. मी भिंतीवर थाप मारली. पलीकडून आवाज आला, "अगं चुकून तुला गेला!" म्हणजे कोणाला जायचा होता?! हे अजून कळलेलं नाही.

आईचं वेगळंच. ती व्हिडिओ कॉल घेते आणि फोन कानाला लावते, त्यामुळे आम्ही सगळे भावंडं मिळून पंधरा मिनिटं तिच्या कानाशी बोलतो. मला आवडतं ते. ती ऐकत तरी असते.

आणि एक राहिलंच, ते "मी रोबो नाही" वालं. पूर्वी त्यात वेडीवाकडी अक्षरं यायची आठवतंय? रीकॅप्चा म्हणायचे त्याला. त्यातले शब्द जुन्या पुस्तकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या स्कॅनमधले असायचे, जे मशीनला वाचता येईनात. म्हणजे आपण लॉगिन करतोय असं समजत होतो आणि करत होतो कारकुनी, फुकटात! उठायचा कंटाळा असलेल्या माणसांकडून बसल्या जागी काम करून घेतलं, हुशार लोक बाबा. आता सिग्नलचे फोटो दाखवतात आणि सिग्नलचा खांब त्यात धरायचा की नाही यावर मी घाम गाळते. दोनदा नापास झालेय. माणूस म्हणून.

असो, माझा वेळ संपत आलाय, आयोजक खुणा करतायत, मघाशी मेसेजपण केला असणार, निळा नाही झाला म्हणून हात हलवतायत. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. माईक एकच आहे, तो इथे पुढे आहे. उठून यावं लागेल.