फर्स्ट क्लासचा ॲशट्रे

श्रोतेहो, नमस्कार.

लांब पल्ल्याच्या विमानात सगळ्यात पुढे, नाकाशी, जो फर्स्ट क्लास असतो, तो एकेक कंपनी काढून टाकतेय. श्रीमंत माणसं कमी झाली म्हणून नव्हे. मागच्या बिझनेस क्लासला पलंग मिळाला म्हणून. ब्रिटिश एअरवेजने नव्वदच्या दशकाच्या मध्याला फर्स्टमध्ये पूर्ण आडवं होणारं आसन आणलं आणि २००० साली तेच बिझनेसमध्येही दिलं. २०१७ मध्ये कतार एअरवेजने बिझनेसच्या आसनाला सरकतं दारही बसवलं. मग ऑफिसच्या खर्चाने फिरणाऱ्या अधिकाऱ्याचं फर्स्टचं तिकीट मंजूर कोण करणार? पलंग मागच्या वर्गात गेला, इतकंच ध्यानात ठेवा.

आता जागेचं गणित. एअर इंडियाच्या जुन्या बोइंग ७७७-३०० विमानात फर्स्टची एकच ओळ, आसनं चार. तिला साधारण ८० इंच लांबी लागते. तेवढ्यात बिझनेसच्या हल्लीच्या दोन ओळी बसतात, म्हणजे आठ आसनं. इकॉनॉमीच्या नऊ-नऊ आसनांच्या अडीच ओळी बसतात, म्हणजे बावीस-तेवीस माणसं. नाकाकडे विमान निमुळतं होतं म्हणून दोन-चार वजा करा. तरीही फर्स्टच्या एका तिकिटाला बिझनेसच्या दीड-दोन तिकिटांएवढे पैसे यायला हवेत, आणि दर उड्डाणाला यायला हवेत. आसन विकलं गेलं नाही की ते माइल्सवर, म्हणजे नेहमीच्या प्रवाशाने साठवलेल्या गुणांवर, किंवा अपग्रेड म्हणून दिलं जातं. जेवण, वाइन, कर्मचारी सगळं लागतं, पैसा मात्र येत नाही. त्यात नव्या घडणीच्या आसनाला गुरुत्वाच्या सोळा पट धक्क्याची चाचणी पार करावी लागते, आणि तो खर्च विमानामागे चार-आठ आसनांवरच पडतो. अमेरिकन एअरलाइन्सने २०२२ मध्ये सरळ सांगितलं की गिऱ्हाईक फर्स्ट विकत घेत नाही. एअर इंडियाचं ए-३५० विमान जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलं: बिझनेसची दारवाली २८ आसनं, फर्स्टचं एकही नाही.

पण फर्स्ट क्लास म्हणजे नुसतं आसन नव्हतं. १९६७ चा प्रसंग ऐका.

तेव्हा एअर इंडियाचा सगळा कारभार मुंबईतून चाले, अध्यक्ष जे. आर. डी. टाटा होते. फर्स्टच्या निवडक प्रवाशांना भेट द्यायला काहीतरी हवं होतं. चांदीची पेटी, रेशमी रुमाल असं सहज सुचलं असतं. कंपनीची माणसं गेली ती थेट साल्वादोर दालींकडे! जगातला सर्वांत गाजलेला अतिवास्तववादी चित्रकार, आणि त्याला सांगितलं काय, तर आमच्यासाठी ॲशट्रे करून द्या.

दालींनी दिला. पांढऱ्या पोर्सेलेनचा. मधोमध शिंपला, त्याच्या कडेने वेटोळं घातलेला साप, आणि खाली तीन आधार: दोन हत्तीच्या डोक्याचे, एक हंसाचा. ॲशट्रे उलटा धरा, की हत्तीच्या सोंडेची हंसाची मान होते आणि हंसाचा हत्ती होतो. बरोबर तीस वर्षांपूर्वी दालींनी हंसांच्या पाण्यातल्या प्रतिबिंबांत हत्ती रंगवले होते, तीच कल्पना इथे प्रवाशाच्या हातात आली. फ्रान्समधल्या लिमोजला हे ॲशट्रे घडवले गेले, सुमारे ५००.

आणि मोबदला? दालींनी हत्तीचं पिल्लू मागितलं. खरंखुरं, जिवंत. दुसरी एखादी कंपनी हसून विषय बदलती. एअर इंडियाने बंगळुरूहून पिल्लू मिळवलं, सोबत माहूत दिला आणि दोघांना विमानाने जिनिव्हाला पोचवलं. तिथून पुढे रस्त्याने, स्पेनच्या किनाऱ्यावर दालींच्या कादाकेस गावी. गावाने उत्सव केला. एका ॲशट्रेपायी हत्ती उडाला, श्रोतेहो! पिल्लू वाढलं तसं ते घरी ठेवणं शक्य राहिलं नाही आणि त्याची रवानगी व्हॅलेन्सियाच्या प्राणिसंग्रहालयात झाली. मला हे अजिबात पटत नाही. हत्तीचं पिल्लू कळपात वाढायला हवं. ते कुणाला भेट देण्याची वस्तू नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तेव्हा यायचा होता, आणि तो आला हे फार चांगलं झालं.

ॲशट्रेवरून आठवलं. विमानात धूम्रपानाला बंदी आहे, तरी शौचालयाच्या दाराशी ॲशट्रे असतोच, आणि तो नियमाने असावाच लागतो. कुणी चोरून ओढलीच, तर थोटूक कागदाच्या कचरापेटीत पडू नये म्हणून. १९७३ मध्ये पॅरिसजवळ व्हारिग कंपनीच्या विमानात आग लागली ती शौचालयाच्या कचरापेटीत. १२३ माणसं गेली. तो ॲशट्रे मोडलेला दिसला तर कर्मचाऱ्यांना जरूर सांगा.

तर मूळ मुद्दा. पलंग मागे गेला, आणि पुढे उरायला हवं होतं ते असं कल्पक आतिथ्य. त्यावरचा खर्च मात्र आधी कापला गेला. जिथे फर्स्ट टिकलाय तिथेही तो आक्रसलाय: सिंगापूर एअरलाइन्सच्या ए-३८० विमानात फर्स्टच्या बारा छोट्या बंद खोल्या (सूट) होत्या, २०१७ च्या अखेरीपासून नव्या मांडणीत सहा.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्यांनी एवढं पाहावं. तिथल्या देशांतर्गत विमानातलं फर्स्ट म्हणजे बहुधा रुंद, मागे कलणारी खुर्ची. आसनांचा नकाशा उघडा. दोन-दोन मांडणी दिसली तर बहुधा खुर्ची समजा. एक-दोन-एक दिसली तर बहुतेक पलंग. आणि आयत्या वेळी विमान बदललं, पुढच्या वर्गाचं तिकीट असून मागे बसवलं, तर भारतात फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे: देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाचे ७५ टक्के परत, आंतरराष्ट्रीय प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३५०० पर्यंत ५० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. जुना आणि नवा, दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवा आणि मागणी लेखी करा.

नमस्कार.