जुन्या पियानो-पाठ्यपुस्तकांतील बोटांचे आकडे

श्रोतेहो, पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाला स्वरांच्या डोक्यावर छापलेले बारीक आकडे परिचयाचे असतात. कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा हे ते सांगतात, आणि त्यालाच आपण फिंगरिंग म्हणतो. ते आकडे नेमके कोणी लिहिले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. अठराव्या शतकातील जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’ या कळफलकासाठीच्या रचनासंग्रहाचेच उदाहरण घ्या. बाखच्या मृत्यूनंतर ८७ वर्षांनी, १८३७ मध्ये, पियानोशिक्षक कार्ल चेर्नीने त्याचे संपादन केले आणि त्यात स्वतःचे फिंगरिंग घातले. ही आवृत्ती पुढे अनेक पिढ्यांच्या हातात राहिली. संगीतकाराचा आकडा आणि संपादकाचा आकडा एकाच ठशात छापलेले असल्याने ते वेगळे करायचे तर मूळ हस्तलिखितापर्यंत, पहिल्या छपाईपर्यंत आणि त्या काळच्या शिक्षणग्रंथांपर्यंत मागे जावेच लागते.

तिथे पोहोचल्यावर पहिली अडचण खुद्द आकड्यांचीच येते. आज अंगठा १ आणि करंगळी ५ ही पद्धत सर्वत्र रूढ आहे; पण इंग्लंडमध्ये दीर्घकाळ अंगठ्यासाठी फुलीची खूण आणि उरलेल्या चार बोटांना १ ते ४ असे आकडे देत. म्हणजे लंडनला छापलेल्या पानावरचा २ हे मधले बोट, तर जर्मनीतील लाइपझिगच्या पानावरचा २ ही तर्जनी. पानावर फुली दिसली तर शंका मिटते, पण एखाद्या ओळीत नुसते २ आणि ३ असतील तर त्या ओळीवरून काहीच ठरत नाही. संपूर्ण पुस्तक चाळावे लागते. ५ दिसला म्हणून निश्चिंत होण्यातही धोका आहे, कारण इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेलच्या नावे सतराव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या हार्पसिकॉर्डच्या (पियानोपूर्वीच्या एका कळफलक-वाद्याच्या) पाठांत डाव्या हाताची मोजणी करंगळीपासून सुरू होते आणि तिथे ५ म्हणजे अंगठा. म्हणून सापडलेला आकडा प्रथम जसाच्या तसा उतरवून घ्यावा आणि पुस्तकाची आवृत्ती व पानाच्या तळाशी असलेला प्रकाशकाचा प्लेट क्रमांकही (छपाईच्या पत्र्याचा क्रमांक) सोबत नोंदवावा, असा माझा आग्रह असतो. आजच्या पद्धतीत रूपांतर त्यानंतर करावे.

आता एक पान जवळून पाहू. २२ जानेवारी १७२० रोजी जर्मनीतील क्योथेन येथे बाखने आपला नऊ वर्षांचा मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठी एक वही सुरू केली. ती आज येल विद्यापीठात आहे. तिच्यात ‘अप्लिकात्सिओ’ नावाची, जवळजवळ प्रत्येक स्वरावर आकडा असलेली एक छोटी रचना आहे. उजवा हात सी मेजरची सप्तक-रांग चढताना ३४३४ असा जातो, म्हणजे मधले बोट वारंवार अनामिकेवरून पुढे टाकले जाते. आपण आज जिथे अंगठा खालून सरकवतो, तिथे त्याला कामच नाही. हे आजच्या पियानोवर अवघडते, परंतु त्या काळच्या वाद्यांच्या पट्ट्या हलक्या होत्या व फार खोल दबत नसत. शिवाय स्वर दोन-दोनांच्या जोडीने बांधले जातात, त्यांतला एक वजनदार आणि दुसरा हलका. हे फिंगरिंग वाजवून पाहिले की ही जोडणी आपोआप कानावर येते, आणि म्हणूनच मला या आकड्यांचे मोल वाटते.

बाखचा दुसरा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने १७५३ मध्ये बर्लिनहून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अंगठ्याला मानाचे स्थान दिले. आपल्या वडिलांच्या तरुणपणी मोठमोठे वादकही अंगठा केवळ लांबच्या अंतरासाठी वापरत, असे वडिलांकडून ऐकल्याचे तो सांगतो. तरीही सी मेजर चढताना उजव्या हातासाठी तो एकच नव्हे, तीन पर्याय देतो आणि त्यांत जुने ३४३४ कायम ठेवतो. पद्धती एका रात्रीत बदलत नाहीत, त्या बराच काळ शेजारी-शेजारी नांदतात, हे या एका पानावर स्पष्ट दिसते. पुढे बेथोव्हेनने लहानग्या चेर्नीला शिकवायला घेतले तेव्हा हाच ग्रंथ मिळवायला सांगितले. म्हणजे ज्याने बाखच्या रचनांवर नवे आकडे चढवले, तो स्वतः बाखच्या मुलाच्या पुस्तकावर शिकला होता. १८३९ च्या चेर्नीच्या विस्तृत पियानो-शिक्षणग्रंथात मात्र अंगठा खालून नेणे हाच पाया आहे.

केवळ शिक्षणग्रंथ धुंडाळले तर चित्र अपुरे राहते. संगीतकार शोपँने १८३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओपस १० या संचातील दुसऱ्या एट्यूडमध्ये, म्हणजे सरावरचनेत, मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांनीच क्रोमॅटिक (अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकणारी) धाव पेलायची आहे, आणि लांब बोट आखूड बोटावरून ओलांडण्याची जुनी रीत तिथे पुन्हा अवतरते. शोपँने स्वतःची पियानो-पद्धत लिहायला घेतली होती, पण ती मोजक्या पानांच्या आराखड्यापलीकडे गेली नाही. त्यामुळे त्याचे फिंगरिंग शोधायचे तर जेन स्टर्लिंग, कामीय द्युबोआ अशा शिष्यांच्या छापील प्रतींकडे वळावे लागते. या दोघींच्या प्रती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि धडा देताना शोपँने पेन्सिलीने लिहिलेले आकडे त्यांत छापील आकड्यांच्या शेजारी वाचता येतात.