दोनशे रुपयांचा पत्ता

[दृश्य : हिंजवडी, सकाळ. कंपन्यांच्या बसची रांग. मोबाइलवर उघडलेलं पगारपत्रक.]

पगार जमा झाल्याचा मेसेज येतो. पगारपत्रक उघडलं की नजर थेट खालच्या आकड्यावर जाते. हातात किती आले? मधल्या कपाती कुणी वाचत नाही. भविष्यनिर्वाह निधी, प्राप्तिकर आणि त्यांच्याच शेजारी एक बारीकशी ओळ : व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००.

नोकरीची पहिली सहा वर्षं मीही ती ओळ वाचली नव्हती. हे दोनशे रुपये नेमके कुणासाठी कापायला सुरुवात झाली, हे कळायला मला पुण्याबाहेर पडावं लागलं.

[दृश्य : सोलापूर रस्ता. कालव्याकाठचा ऊस मागे पडतो, मुरमाड माळ सुरू होतो. जुन्या पाझर तलावाचा बांध.]

दौंड, इंदापूर. १९७२ साल. लागोपाठच्या वर्षांत पावसाने दगा दिला होता, विहिरी कोरड्या पडल्या होत्या. शेतात काम नाही म्हणजे मजुराच्या चुलीवर काही नाही. माणसं सरकारी कामावर गेली. खडी फोडायची, रस्त्यावर मुरूम टाकायचा, तलावाच्या बांधावर माती वाहायची. इथल्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांना त्या दुष्काळाबद्दल विचारलं, तर त्या पावसाबद्दल बोलत नाहीत. खडीबद्दल बोलतात. तळहातावरच्या फोडांबद्दल, कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीबद्दल, थापताना तुटणाऱ्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरीबद्दल. झाडाला बांधलेल्या झोळीत तान्हं मूल ठेवून घमेली उचलल्याबद्दल. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती.

पण दुष्काळी काम मिळायचं ते सरकारने दुष्काळ मानला तरच. राज्याच्या रोजगार हमी योजनेने हे उलटं केलं. मागेल त्याला काम. काम मागायचं मजुराने आणि ते पंधरा दिवसांत द्यायचं सरकारने. नाही दिलं तर बेकारी भत्ता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना धरून ठेवली होती. १९६५ मध्येच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, तिचा प्रयोग झाला होता. पुढे कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. पैसे कोण देणार?

[दृश्य : लक्ष्मी रस्ता. दुकानाच्या मिळकत कराच्या बिलावरची एक ओळ : रोजगार हमी कर.]

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राने उघडपणे दिलं. नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर, १९७५ च्या कायद्याने. बागायती जमिनीवर कर. विक्रीकरावर अधिभार. शहरांतल्या बिगरनिवासी मिळकतींवर उपकर, म्हणूनच तो लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानाच्या बिलावर दिसतो. आणि या करांतून जेवढे जमतील, तेवढेच राज्याने आपल्या तिजोरीतून घालायचे. यामागचा विचार साधा होता : पाऊस पडला नाही तरी ज्याचा पगार थांबत नाही, त्याने ज्याची मजुरी बुडते त्याला हात द्यायचा. माझ्या मते या राज्यात कराबद्दल इतका स्वच्छ निर्णय क्वचितच झाला असेल. देणाराही ठाऊक, घेणारीही ठाऊक.

या विचाराला पुण्याचाही हातभार आहे. डेक्कन जिमखान्यावरच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशोब मांडला. गावातल्या गरिबाला काम द्या, त्यासाठी सार्वजनिक बांधकामं काढा आणि खर्च सुस्थितीतल्या लोकांकडून घ्या, असं त्यांनी लिहिलं. सुस्थितीतल्या वाचकांना ते रुचणं सोपं नव्हतं.

[दृश्य : मंडई. अष्टकोनी इमारत, भाजीचे गाळे.]

याच्याही आधीचं एक वर्ष, १८८०. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होता. स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्चावेत, असा ठराव आला. सभासद जोतीराव फुले एकटे विरोधात उभे राहिले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचं म्हणणं. मंडईच्या या इमारतीवरच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता, कारण तोच होता. १८८२ मध्ये शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी हेच विस्ताराने मांडलं : सरकारच्या तिजोरीत पैसा रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. आज मंडईला त्यांचं नाव आहे. भाजी घेताना मला तो हजार रुपयांचा ठराव आठवतो.

आता पुणेकर नोकरदाराची तक्रार. प्राप्तिकर भरतो, जीएसटी भरतो, घरपट्टी भरतो, वर हे कशाला? तक्रार खोटी नाही. पण आपला हिशोब मागायला पुणेकराला चांगलं येतं. स्वतः राहत असलेल्या घरावर १९७० पासून मिळणारी मिळकत करातली ४० टक्के सवलत बंद झाली, तेव्हा शहर बोलत राहिलं आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाला ती पुन्हा सुरू करावी लागली. तोच चोखपणा या दोनशे रुपयांबाबत हवा. व्यवसाय कराची जमा रोजगार हमीवरच्या खर्चाहून जास्त होत गेली, तेव्हा उरलेला पैसा कुठे गेला, हे शहराने जोर लावून विचारायला हवं होतं.

आणि दुसरा प्रश्न त्याहून जवळचा आहे. कंपनीच्या दारातला.

[दृश्य : गेटबाहेरची चहाची टपरी. पहारेकरी आणि संगणक अभियंता, हातात कटिंग.]

"काका, तुमचा व्यवसाय कर किती कापतात हो?"

"दोनशे. तुमचा?"

"माझाही दोनशेच."

यात अतिशयोक्ती नाही. महिन्याला दहा हजारांच्या वर कमावणाऱ्या पुरुषाला २०० रुपये आणि तीन लाख कमावणाऱ्यालाही २००. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. आधी ती २५० होती, १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने वाढली. तेव्हापासून पगार कुठून कुठे गेले, मर्यादा तिथेच आहे. पंधरा हजार मिळवणाऱ्या काकांच्या घरात दोनशे रुपये म्हणजे दोन-तीन दिवसांचं दूध. तीन लाखवाल्याला ते कपात झाल्याचंही कळत नाही.

महिलांना राज्याने १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत हा कर माफ केला. चांगलं केलं. मग टपरीवरच्या काकांना का नाही? ती माफी द्यायला दिल्लीला विचारावं लागत नाही, विधिमंडळाने ठरवलं की झालं. वरची मर्यादा उचलायची तर संसदेत जावं लागेल. काम लांबचं आहे, पण तेही मागायला हवं. आज माझे दोनशे कापले जातात. माझ्या पगाराला साजेसे कापले तर मी देईन, आणि हे मी कॅमेऱ्यासमोर बोलतोय.

[दृश्य : इंदापूर तालुका. पाझर तलाव, अर्धा भरलेला. बांधावर एक आजी.]

आजी बांधावरून चालत जातात. मधेच थांबतात आणि काठीने एक जागा दाखवतात. इथपासून त्या बाभळीपर्यंतचं पिचिंग, म्हणजे बांधावरचं दगडांचं अस्तर, त्यांच्या टोळीने केलं होतं. दगड अजून जागचे हललेले नाहीत.