आजी दोन पावलं मागे का सरकतात?

(दृश्य: सांगली, गावभाग. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह ओव्हन घुमतोय.)

दूध तापायला लावलं की आजी दोन पावलं मागे सरकतात. "त्या काचेत डोकावू नको रे, मोतीबिंदू होईल." नातू हसतो. पण आजींची भीती अगदीच हवेतली नाही.

मायक्रोवेव्ह लहरी क्ष-किरणांसारखे रेणू तोडत नाहीत. त्या तापवतात, एवढंच. अंगात कुठंही उष्णता वाढली की रक्त ती वाहून नेतं. डोळ्यातल्या भिंगाला मात्र रक्तवाहिनीच नाही! तिथं शिरलेली उष्णता लवकर निघत नाही. भिंग नितळ असतं ते त्यातल्या प्रथिनांच्या शिस्तशीर मांडणीमुळं. ती विस्कटली की गढूळपणा येतो, तोच मोतीबिंदू. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर पडताच दुधी होतो ना, तसंच काहीसं. आणि अंडं काही पुन्हा कच्चं होत नाही.

(दृश्य: दाराची जाळी, अगदी जवळून.)

हे प्रयोगशाळेत सशांवर दिसलंय. दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅटहून जास्त लहरींचा मारा, तोही तासाहून अधिक वेळ. भिंग ४१ अंशांच्या वर गेलं, तेव्हा मोतीबिंदू झाला. तेवढ्याच माऱ्यात माकडांना झाला नाही.

आता आपला ओव्हन. ५ सेंटिमीटरवर गळतीची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट, आणि हातभर लांब गेलं की तीही झपाट्यानं घटते. लहर १२ सेंटिमीटरची, जाळीची भोकं जेमतेम मिलिमीटरची. बाहेर पडणार कशी? दार वाकलंय, बिजागरी सैल झालीय, तर मात्र ओव्हन बंद ठेवा. कव्हर काढून चालू करून बघणारे हौशी मिस्त्री असतात, त्यांना तर हातच लावू देऊ नका.

(दृश्य: तासगावकडची द्राक्षबाग, भर दुपार.)

आजींना मोतीबिंदू झाला होता, हे खरं. पण त्याआधी चाळीस वर्षं त्या याच उन्हात राबल्या, संध्याकाळी चुलीच्या धुरात बसल्या. वय तर होतंच. ओव्हन घरात आला तो मिरजेत ऑपरेशन झाल्यानंतर.

(दृश्य: पुन्हा स्वयंपाकघर. नातवाच्या हातात अंडं.)

ओव्हननं डोळा दुखावल्याच्या ज्या घटना डॉक्टरांनी नोंदवल्यात, त्यांत लहरींपेक्षा साधं कारणही सापडतं: सालीसकट तापवलेलं अंडं. आत वाफ कोंडते, बाहेर काढून टोचलं की तोंडावर फुटतं. बुबुळ भाजतं.

"टोपात उकड," आजी म्हणतात. आणि दोन पावलं मागे सरकतात.