डिथमार्शनच्या ढालीवरचा घोडेस्वार

मंडळी, आत्ता जिन्यात एकानं मला अडवून विचारलं, काका, जर्मनीतल्या कुठल्याशा जिल्ह्याच्या चिन्हाचं आम्ही काय करायचं? रास्त प्रश्न आहे. पण मला गेली सहा वर्षं हा एकच किडा चावतोय, आणि घरी आता कुणी ऐकत नाही, म्हणून तुम्ही.

जिल्ह्याचं नाव डिथमार्शन. हॅम्बर्गच्या वर, खाली एल्बे नदी, वरती आयडर, पश्चिमेला उत्तर समुद्र. कोबीसाठी प्रसिद्ध. लेकीनं गाडीनं नेलं तेव्हा मी इतका कोबी बघितला की पुढे महिनाभर घरात भजीसुद्धा होऊ दिली नाही. आणि ओळखच काढायची तर आपला घारापुरीवाला प्रवासी कार्स्टन नीबुर, 1763-64 ला मुंबईत राहून ज्यानं तिथल्या लेण्यांची चित्रं काढली, तो पुढे ह्याच भागात मेल्डॉर्फ गावी 37 वर्षं सरकारी नोकरी करत राहिला आणि तिथंच वारला. म्हणजे अगदीच परके नाहीत.

तर चिन्ह. लाल ढाल, त्यावर उधळलेला पांढरा घोडा, वर चिलखत घातलेला सरदार, हातात उपसलेली तलवार. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली चार ओळी लिहिल्या, तर तीन मिनिटांत अकरा हात जोडलेले आणि एक "जय शिवराय". वाचत कुणीच नाही हो! मी परत लिहिलं की हे जर्मनीचं आहे, तर एकानं विचारलं की महाराज जर्मनीला कधी गेले होते. हसताय काय, तो दुसऱ्या रांगेतच बसलाय.

बरं. आता गंमत अशी की डिथमार्शनमध्ये सरदार नव्हतेच. राजा नाही, जहागीरदार नाही. नावाला ब्रेमेनचा आर्चबिशप मालक, पण कारभार सगळा शेतकऱ्यांचा. 1447 ला त्यांनी स्वतःचे कायदे लिहून काढले आणि 48 जणांचं मंडळ नेमलं, ते हायडे गावात बसायचं. कसलेले, पैसेवाले, भयंकर हट्टी शेतकरी. जमीन कशी, तर आपल्या कोकणातल्या खाजणासारखी, समुद्राला बांध घालून मिळवलेली, मध्ये सगळीकडे पाण्याचे चर आणि बांधाला उघाड्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारं. हे लक्षात ठेवा, उघाड्या.

1500 सालचा फेब्रुवारी. डेन्मार्कचा राजा हान्स आणि त्याचा भाऊ फ्रेडरिक साधारण बारा हजारांची फौज घेऊन आले. पुढे ब्लॅक गार्ड, भाडोत्री शिपाई, त्यांचा म्होरक्या थॉमस स्लेंट्स. मागे घोड्यावरचे सरदार, चिलखतं, तोफा, आणि लुटीसाठी रिकाम्या गाड्यासुद्धा, इतकी खात्री! मेल्डॉर्फ त्यांनी घेतलंही. 17 तारखेला ते हायडेकडे निघाले. रस्ता एकच, अरुंद, दोन्ही बाजूंना चर, वरून पाऊस, तोंडावर वारा, बर्फ वितळून सगळा रबरबाट. हेमिंगश्टेटजवळ शेतकऱ्यांनी रातोरात मातीची गढी उभी केली होती, पुढारी वुल्फ इझेब्रांड. आणि मंडळी, त्यांनी उघाड्या उघडल्या. समुद्र शेतात. आता तो चिलखतवाला करणार काय? घोडा पोटापर्यंत चिखलात, वळायला जागा नाही, मागचा पुढच्याला रेटतोय. शेतकरी मात्र लांब काठ्या टेकून चरांवरून उड्या मारत इकडून तिकडे, त्यांना रोजचीच सवय. गार्डवाले आधी ओरडत होते, "सांभाळ रे शेतकऱ्या, गार्ड आली." थोड्या वेळानं तीच ओळ उलटी ऐकू आली, "सांभाळ रे गार्डा, शेतकरी आला." स्लेंट्स मेला, डेन्मार्कचा झेंडा शेतकऱ्यांच्या हाती लागला, राजा कसाबसा सुटला. झेंडा धरून पुढे धावलेल्या टेल्से नावाच्या मुलीची दंतकथा पण आहे, ती सांगायला मला आवडलं असतं, पण

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, अजून ढालीला हात लावला नाही मी. बरं, भराभर.

त्या वेळी ह्या लोकांच्या शिक्क्यावर कोण होतं? मेरी. येशूची आई. लढाईनंतर नवस फेडायला त्यांनी तिच्या नावानं मठ पण बांधला. घोडा नाही, तलवार नाही.

मग 1559. तेव्हा राजा दुसरा फ्रेडरिक, त्याच्या मदतीला दोन ड्यूक, सेनापती योहान रांत्साऊ. ह्यावेळी मुलूख पडला, झेंडाही परत गेला. आणि राजानं आपल्या राजचिन्हात नव्या मुलखासाठी एक खूण घातली, लाल जमिनीवर चिलखतवाला घोडेस्वार. म्हणजे जो चिखलात रुतून मेला तोच! काही जण त्याला संत जॉर्ज म्हणतात, म्हणू देत.

पुढे मुलखाचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग झाले, 1867 ला प्रशिया हे जर्मन राज्य आलं, शेवटी 1970 ला दोन्ही जिल्हे एक झाले, आणि ह्या एक झालेल्या जिल्ह्याच्या ढालीवर कोण, तर हाच. मी म्हणतो चिन्ह जिंकणारा काढतो आणि हरलेल्यांची नातवंडं ते हौसेनं गाडीवर लावतात. हायडेच्या चौकात हे मी एका आजोबांना बोललो, लेकीनं भाषांतर केलं. ते म्हणाले, असेल, पण घोडा छान आहे.

उठताय का? एकच वाक्य. 1972 ला मार्गरेट राणी गादीवर आली, तिनं डेन्मार्कचं राजचिन्ह आटोपशीर केलं, आणि हा घोडेस्वार त्यातून काढून टाकला.